शेट्ये सरांचा एक दोष

सत्कार कसा करायचा याची आमच्या शाळेत एक वेगळीच पद्धत होती, आणि ती एकट्या शेट्ये सरांनी पाडलेली होती. शाळा पोलादपूरची. दिवाळीनंतरच्या एखाद्या रविवारी माजी विद्यार्थी मंडळ पटांगणात मांडव घालतं, नाव काढलेल्या दोन-तीन विद्यार्थ्यांना आणि एखाद्या निवृत्त शिक्षकाला बोलावतं, शाल देतं, नारळ देतं आणि जेवायला घालतं. हे सगळीकडे चालतं. आमच्याकडे मात्र सत्कारमूर्तीची ओळख शेट्ये सर करून देत, आणि तिच्यात त्या माणसाचा एक दोष सांगत. भर मांडवात, माइकवरून, त्याच्या बायकामुलांसमोर.

"दोष वगळून बोललात की ती श्रद्धांजली होते," असं त्यांचं म्हणणं. "माणूस समोर बसलाय, श्वास घेतोय, तर सत्कार करा."

आमच्या शाळेचा एक मुलगा पोलिसात मोठ्या हुद्द्यावर गेला. त्याच्या सत्काराला सर उभे राहिले आणि म्हणाले, "याने नववीत प्रयोगशाळेतला नालाकृती चुंबक पळवला होता. मी विचारलं तेव्हा याने शेजारच्या बाकावरच्या पोराचं नाव इतक्या ठामपणे सांगितलं, की हा पुढे पोलिसात जाणार हे मला त्याच दिवशी कळलं." मग पहिल्या रांगेतून त्या अधिकाऱ्याची बायकोच हसली, आणि तिचं हसू बराच वेळ थांबेना. अधिकाऱ्यांनी नंतर सरांच्या पाया पडून विचारलं, "सर, तो चुंबक मी परत केला होता ना?" सर म्हणाले, "केलास. पण त्या पोराची माफी मागितली नाहीस. तो मागे बसलाय, भाताच्या पातेल्याशेजारी." अधिकारी उठून मागे गेले. पुढे दोघं एकाच पंगतीत जेवायला बसलेले मी पाहिले.

माझाही एकदा सत्कार झाला. म्हणजे मी काही नाव काढलेलं नाही. महाडला माझं औषधांचं दुकान आहे, आणि शाळेला मी एक प्रथमोपचाराची पेटी दिली होती. त्या वर्षी सत्कारमूर्ती कमी पडल्या असाव्यात. सर म्हणाले, "या विद्यार्थ्यात गुण कोणता ते शोधायला मला दोन दिवस लागले. दोष तयारच होते." आणि मग त्यांनी मी प्रयोगवहीतल्या आकृत्या बहिणीकडून काढून घेत असे ते सांगितलं. आमची आई दुसऱ्या रांगेत बसून मान डोलवत होती. घरी आल्यावर म्हणाली, "बरं झालं कुणीतरी चार लोकांत बोललं." ती पेटी कुठे आहे हे आता कुणालाच माहीत नाही, आकृत्यांची गोष्ट मात्र माझ्या मुलांना पाठ आहे. जेवताना भाजीला नाव ठेवलं की मुलगी म्हणते, "बाबा, पुढची भाजी आत्याकडून करून घ्या."

सर राहायला महाडला. बाजारात त्यांच्या वडिलांचं किराणा दुकान होतं. ते भावाकडे गेलं आणि सर विज्ञान शिकवायला एसटीने पोलादपूरला येत राहिले, निवृत्त होईपर्यंत. अंगाने बारीक, बोलणं हळू, शर्टाची बाही कायम खडूने पांढरी. चष्म्याच्या डबीत ते खडू ठेवत आणि चष्मा शर्टाच्या खिशात. त्यामुळे खडू कधी मोडला नाही आणि चष्म्याला कधी चरा नाही असं झालं नाही. कुणी सुचवलं की म्हणत, "चष्मा माझ्या एकट्याचा आहे. खडू चाळीस पोरांचा."

वर्गात त्यांचं अर्धं शिकवणं दोन शब्दांत असे: "आणि मग?" पोरगं उठून सांगे, पाणी तापलं की वाफ होते. "आणि मग?" वाफ वर जाते. "आणि मग?" वर जाऊन थंड होते. "आणि मग?" पाठ केलेलं इथे संपे, आणि पुढे पोराला स्वतःच्या डोक्याने जावं लागे. आमच्या वर्गातला एकजण वाफेला ढगात नेऊन, पाऊस पाडून, सावित्री नदीतून खाली दासगावापर्यंत घेऊन गेला, आणि तरी सरांचं "आणि मग?" थांबेना तेव्हा म्हणाला, "आणि मग घंटा होते सर." सर इतके खूश झाले की त्यांनी खरंच तास सोडला.

त्यांच्याबद्दल चांगलं सांगायचं तर पुष्कळ आहे. चवदार तळ्याजवळच्या गल्लीत त्यांचं घर. दर मार्चात तळ्यावर लांबून माणसं येतात, तेव्हा सर ओट्यावर पाण्याचे माठ भरून ठेवत आणि दिवसभर स्वतः तांब्या घेऊन बसत. कुणी फोटो काढू लागलं की आत जात. पण हे गुणवर्णन मी इथेच थांबवतो. नाहीतर श्रद्धांजली व्हायची.

ही दोष सांगायची पद्धत एका वर्षी बंद पडली. शाळेला ग्रंथालय बांधून देणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याचा सत्कार होता. सर म्हणाले, "यांनी शाळेला ग्रंथालय दिलं. आठवीत शाळेतून नेलेलं एक पुस्तक मात्र अजून दिलेलं नाही." सरांच्या मते हा अगदी सौम्य दोष होता. गृहस्थ जेवायला न थांबता गाडीत बसले. त्यानंतर मंडळाने मोठ्या अदबीने सरांकडे आभारप्रदर्शन सोपवलं. सर ते काम करत, पण सवय कुठे जाते? "मांडववाल्यांचे आभार. मांडव उजव्या बाजूला झुकलेला आहे, तरीही आभार."

तर यंदा मंडळाने ठरवलं की निवृत्त शिक्षक म्हणून शेट्ये सरांचाच सत्कार करायचा. बैठक माझ्या दुकानात झाली, कारण तिथे पंखा आहे. आमचे अध्यक्ष बोलायला पटाईत. त्यांचं नाव मी लिहीत नाही. का, ते पुढे कळेल. ते म्हणाले, "सरांनी आपल्याला घडवलं. यावेळी नुसते गुण. दोष-बिष काही नाही." सरांबरोबर पोलादपूरच्या वरच्या धनगरवाडीतली सुरेखा ढेबे, आता पशुवैद्यकीय अधिकारी, तिचाही सत्कार करायचं ठरलं. गेली कित्येक वर्षं मंडळ तिला बोलवत होतं आणि दर वेळी तिला काहीतरी काम निघत होतं. यंदा तिने होय म्हटलं.

दोन दिवसांनी सर दुकानात आले. ऐंशीच्या घरातला माणूस, ऊन टाळत, भिंतीच्या कडेकडेने. मी उठून खुर्ची दिली. बायको आतून पाणी घेऊन आली.

"तू बोलणार आहेस ना माझ्यावर?" सरांनी विचारलं.

"हो सर. पाच मिनिटं."

"मग एक काम कर. माझा एक दोष सांग. खरा. चहात साखर जास्त घेतो, असला नको."

"सर, तुमच्यात दोष..."

"झाली सुरुवात," सर बायकोकडे बघून म्हणाले. "अजून मांडव पडायचाय आणि यांनी मला फुलं वाहायला घेतली."

मी म्हटलं, "मग तुम्हीच सांगा सर, कुठला सांगू?"

समोर खोकल्याच्या बाटल्यांची रांग होती, सर ती एकेक करून वाचत गेले.

"एक मला माहीत आहे," ते म्हणाले. "पण मी स्वतः उठून सांगितला, तर लोक म्हणतील, बघा, सर किती मोठ्या मनाचे. टाळ्या पडतील. चुकीला टाळ्या पडल्या की ती चूक राहत नाही, गुण होतो. ते मला नको. दुसऱ्या कुणीतरी सांगायला हवा, आणि तोही मी समोर बसलेला असताना. सत्कार झाला की मी मुलीकडे पनवेलला जातोय. घराची किल्ली भावाला देऊन टाकतोय. पुन्हा इकडे येईन न येईन."

मग उठताना, काही सहज आठवल्यासारखं, त्यांनी विचारलं, "ढेबेंची सुरेखा येणार आहे ना? नक्की?"

"नक्की सर."

"तिला बोलायला वेळ ठेवा. तिच्या आधी जेवणाची घाई करू नका."

सर गेले आणि बायको म्हणाली, "त्यांना तिच्या तोंडून काहीतरी ऐकायचंय."

"काय?"

"ते मला काय माहीत? शाळेत तुम्ही होतात."

मी होतो, पण सुरेखा माझ्यापेक्षा चार-पाच वर्षं मागे. ती नववीत गेली तेव्हा मी फार्मसीत दोनदा एकाच विषयात बसत होतो.

रात्री जेवताना घरात सरांच्या दोषांचा शोध सुरू झाला. आई म्हणाली, ते हळू बोलतात, मागे ऐकू येत नाही. मुलगी म्हणाली, त्यांनी तुम्हाला विज्ञानात पास केलं हा दोष धरा. शेवटी मी चष्म्याच्या डबीचा दोष निवडला. सुरक्षित होता, आणि त्यावर हशा नक्की होता.

सत्काराच्या दिवशी मांडव सरळ उभा होता. सर पांढरा शर्ट घालून व्यासपीठावर बसले. त्यांची मुलगी सकाळच्या गाडीने वीर स्टेशनला उतरून आली होती, आणि संध्याकाळच्या गाडीने वडिलांना घेऊन परत जाणार होती. सामानाच्या दोन पिशव्या पहिल्या रांगेत तिच्या पायाशी होत्या. सुरेखा सरांच्या शेजारच्या खुर्चीत. पन्नाशीला आलेली, केस बांधलेले, हातात पुरुषी मोठं घड्याळ. तिचा बाप, धाकलू ढेबे, डोंगरावरून काठी टेकत उतरून आला होता. पहिल्या रांगेत बसा म्हटलं तर म्हणाला, "नको, हितं वारा हाय," आणि कडेच्या बांबूला टेकून उभा राहिला.

भाषणं झाली. अध्यक्षांनी सरांना दीपस्तंभ म्हटलं, मग वटवृक्ष म्हटलं, मग परत दीपस्तंभ म्हटलं. माठांची गोष्ट तिघांनी सांगितली. दर भाषणागणिक सर खुर्चीत थोडे थोडे खाली जात होते. माझी पाळी आली. मी चष्म्याच्या डबीचा दोष सांगितला. मांडव हसला. मी सरांकडे पाहिलं. प्रयोग फसल्यावर ते परीक्षानळी उजेडाकडे धरून जसे बघत, तसे ते माझ्याकडे बघत होते. रागावलेले नव्हते, यातून काही निघणार नाही हे त्यांना कळलं होतं. मी जागेवर जाऊन बसलो तेव्हा बायको कुजबुजली, "साखरेचाच सांगायचात."

मग सुरेखा उठली. सुरुवातीला ती सगळे बोलतात तेच बोलली, शाळेने संस्कार दिले वगैरे. मग तिने हातातला कागद घडी घालून पर्समध्ये टाकला.

"आज मुख्याध्यापकांच्या खोलीत चहाला बसले होते," ती म्हणाली. "तिथे भिंतीवर जिल्हा विज्ञान प्रदर्शनाचा एक जुना फोटो आहे. दुसरं बक्षीस. त्यात दोन घमेली आहेत. एकात उघडी माती, एकात गवत लावलेली. वरून भोकं पाडलेल्या डब्याने पाणी ओतायचं. उघडी माती सरकते, गवताची राहते. डोंगर का सरकतो, असा विषय होता. ते मॉडेल मी केलं होतं. एक घमेलं मी डोक्यावर घेतलं होतं, एक माझ्या आईने, आणि आम्ही वाडीवरून खाली आलो होतो."

तिने माइक जरा जवळ घेतला.

"सरांनी बघितलं आणि म्हणाले, उत्तम आहे. मग म्हणाले, पण अलिबागला परीक्षकांपुढे बोलावं लागतं, ते तुला जमायचं नाही. वर्गातला एक मुलगा चांगला बोलायचा. सर म्हणाले, हा बोलेल, तू पाणी ओत."

अध्यक्ष छातीवरचा बिल्ला सरळ करू लागले. तो सरळच होता.

"मी पाणी ओतलं. त्या फोटोत घमेली आहेत, तो मुलगा आहे, आणि कडेला माझा हात आहे. डब्यासकट. बाकी मी नाही. एवढंच सांगायचं होतं."

ती वळली. मंडळातल्या कुणीतरी घाईघाईने टाळी वाजवली आणि ती एकटीच वाजून थांबली. तेवढ्यात सर बोलले. माइक त्यांच्यापुढे नव्हता, पण त्यांचा तो हळू आवाज त्या दिवशी शेवटच्या रांगेपर्यंत गेला असावा.

"आणि मग?"

सुरेखा तशीच उभी राहिली. तिने सरांकडे पाहिलं.

"आणि मग काय सर," ती म्हणाली, "दहावीपर्यंत मी वर्गात एकदाही हात वर केला नाही. उत्तर यायचं, तरी नाही."

"आणि मग?"

"कॉलेजातही नाही. पहिली तोंडी परीक्षा नापास झाले. उत्तरं येत होती. मी परीक्षकांसमोर नुसती उभी राहिले, आणि कुणीतरी माझ्या वतीने बोलेल म्हणून वाट बघत राहिले. मग जनावरांमध्ये बरं वाटायला लागलं. त्यांच्याशी बोलताना कुणी ऐकत नाही."

कडेला बांबूपाशी धाकलू ढेबे काठीवर दोन्ही हात ठेवून उभा होता. तो मांडवाला उद्देशून, पण कुणाकडेच न बघता म्हणाला, "ती घरी आली तवा घमेली घेऊन आली नाय. तिथंच टाकून आली. तिची आय मला म्हनं, घमेली गेली तर जाऊ द्या, पोर बोलत का नाय?"

सर उभे राहिले. त्यांची मुलगी आधार द्यायला पुढे आली, तिला त्यांनी हाताने थांबवलं. उत्तराच्या भाषणाची त्यांची वेळ होती, आणि भाषण त्यांनी लिहून आणलेलं मला माहीत होतं, कारण डॉक्टरांच्या चिठ्ठीसारखं स्वतःचं अक्षर त्यांनाच लागेना, तेव्हा मी दुकानात त्यातल्या काही ओळी त्यांना वाचून दाखवल्या होत्या. ते त्यांनी काढलं नाही.

"ही म्हणाली ते खरं आहे," ते म्हणाले. "त्या वेळी मला ते शहाणपणाचं वाटलं होतं. शाळेचं नाव व्हावं म्हणून मी तसं केलं. नाव झालं." मग खाली बसता बसता, "टाळ्या वाजवू नका," एवढं म्हणाले, आणि कुणी वाजवल्या नाहीत.

जेवणं झाली. पंगतीत लोक जरा जपून बोलत होते. अध्यक्ष माझ्या शेजारी बसले होते, त्यांनी जिलबी बाजूला सारली आणि हळूच म्हणाले, "खरं सांगू? मला इतकी वर्षं वाटत होतं, ते मॉडेल मीच केलं. मी घरी पोरांनाही तसंच सांगितलंय." मी त्यांची जिलबी खाल्ली. थोड्या वेळाने ते उठून सुरेखापाशी गेले, हात जोडले, काहीतरी म्हणाले. तिने मान हलवली. अध्यक्षांना शब्द सुचले नाहीत असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

मी सरांना रिक्षेपर्यंत सोडायला निघालो. मांडववाले खुर्च्या एकात एक घालत होते. व्यासपीठासमोरच्या लांब टेबलावर आता फक्त हारांचे दोरे आणि एक रिकामं तबक होतं. सुरेखा बापाची वाट बघत टेबलाच्या पलीकडे उभी होती. सर तिच्याकडे गेले. मला वाटलं, माफी मागतील. मीही जरा मागे थांबलो, असल्या प्रसंगी कुठे बघायचं ते मला कळत नाही.

सर टेबलाच्या अलीकडे उभे राहिले, प्रदर्शनात परीक्षक उभे राहतात त्या बाजूला. खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि हात पाठीमागे बांधले.

"हं," ते म्हणाले. "विषय काय आहे आपला?"

सुरेखा हसली. मग तिने त्यांचा चेहरा पाहिला आणि तिचं हसू गेलं. तिने बापाकडे बघितलं.

"सांग की गो," धाकलू म्हणाला. "इचारतायत ते."

तिने टेबलाच्या रिकाम्या भागावर हाताने एक गोल दाखवला आणि त्याच्या शेजारी दुसरा.

"ही दोन घमेली हाईत," ती म्हणाली. माइकवरचं तिचं बोलणं कुठल्या कुठे गेलं होतं. "ह्याच्यात नुसती माती हाय. ह्याच्यात गवत लावलंय."

"माती कुठली?"

"आमच्या गोठ्याच्या मागची. त्या पावसाळ्यात तिथनंच सरकली ती. दोन म्हशी गेल्या आमच्या. गाभण होती एक."

सरांना हे आधी माहीत नव्हतं, हे त्यांच्या पाठीवरून मलाही कळलं.

"गवत एकाच घमेल्यात का लावलं?" त्यांनी विचारलं.

"डोंगरात एका जागी जनावरं चरायला सोडत नव्हतो आम्ही. देवाची जागा म्हणून. तिथं गवत होतं, तेवढीच राहिली, बाकी सगळी खाली आली. म्हणून मला वाटलं, बघावं."

"बाबा, गाडी चुकेल," मुलीने फाटकापासून हाक मारली. रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. सरांनी मागे न बघता एक हात वर केला, थांबा म्हणून, आणि तो तसाच वर धरून ठेवला.

"पाणी कसं ओतायचं ते दाखवा," ते म्हणाले.

सुरेखाने नसलेला डबा उचलला आणि हवेतच तिरका केला. सर टेबलावर वाकले. मी फाटकाकडे जाऊन रिक्षावाल्याला इंजिन बंद करायला सांगितलं आणि वळून बघितलं, तेव्हा सर अजून वाकलेलेच होते, आणि ती बोटाने दाखवत होती तिथे तिथे, पाणी कुठून कुठे जातंय ते बघत होते.